लेबलच्या डिझायनरशी परत बिनसलं, क्लायंट म्हणून माझं नक्की काय चुकतंय?

मिरचीकांडप, कोल्हापूर

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय पण मनापासून विचारतेय, वेळ काढून वाचा.

मी आणि माझ्या जाऊबाई मिळून घरून कांदा-लसूण मसाला करतो, हे चौथं वर्ष. आधी ओळखीतच जायचा, साध्या पिशवीत, वर हाताने लिहिलेली चिठ्ठी. आता इथली दोन किराणा दुकानं आणि पुण्यातलं एक घरगुती पदार्थांचं दुकान माल ठेवायला तयार आहेत, पण पॅकिंग नीट पाहिजे म्हणतात. म्हणून 200 ग्रॅमच्या पाऊचसाठी लोगो आणि लेबल करायला एक डिझायनर गाठला. मुलगा चांगला आहे, हात पण चांगला आहे त्याचा, हे आधीच सांगते.

झालं असं की पहिलं डिझाइन आलं ते मी घरच्या ग्रुपवर टाकलं. नणंद म्हणाली लाल जास्त पाहिजे, मिस्टर म्हणाले नाव मोठं करा, भाचा म्हणाला फॉन्ट जुनाट वाटतो, आणि मी ते सगळं जसंच्या तसं त्याला फॉरवर्ड केलं. परत डिझाइन आलं, परत ग्रुपवर. असं नऊ वेळा. सहाव्या-सातव्या वेळेपासून तो नुसतं ‘ओके’ लिहायला लागला, सांगेन ते करून पाठवायचा आणि दर वेळी डिझाइन आधीपेक्षा वाईटच दिसायचं. शेवटी दमून मी ‘फायनल’ म्हटलं, 3000 लेबलं छापली, आणि गठ्ठा उघडला तर ‘लसूण’चं ‘लसुण’ झालेलं. मोबाइलवर लालभडक दिसणारा रंग विटकरी आलेला. जाऊबाई काही बोलल्या नाहीत, गठ्ठा तसाच कपाटावर ठेवून दिला, ते जास्त लागलं मला.

तो म्हणतो मजकूर तुम्ही व्हॉट्सॲपवर इंग्रजी अक्षरांत पाठवला होता आणि फायनल तुम्हीच म्हणालात. मी म्हणते शुद्धलेखन बघायला नको का? आता दोघंही गप्प, त्याचे अर्धे पैसे माझ्याकडे आहेत. याआधी एका बॅनरच्या वेळी आणि माहितीपत्रकाच्या वेळी वेगळ्या माणसांबरोबर असंच झालेलं, म्हणून वाटतं की दर वेळी समोरच्याचाच दोष कसा असेल.

तर विचारायचं हे की बदल सांगायचे कसे, चूक कुणाची धरायची, आणि ओपन फाइल, म्हणजे पुढे बदल करता येतील अशी मूळ फाइल, मागितली तर तो वेगळे पैसे सांगतोय ते बरोबर आहे का?

अक्षरजुळणी, पुणे

ताई, मी 14 वर्षं पॅकेजिंगचं काम करतो. तुमच्या पोस्टमधलं ‘तो नुसतं ओके लिहायला लागला’ तिथे मी थांबलो. कारण मी पण लिहिलंय ते ओके. त्याचा अर्थ त्याने विचार करणं सोडलंय, आता फक्त माउस हलवतोय. आणि तुम्ही पैसे तर विचार करण्याचे दिलेत ना.

सगळ्यात मोठी गोष्ट सांगतो, ती जमली तर बाकीचं आपोआप सोपं होतं. डिझायनरला उपाय सांगू नका, अडचण सांगा. ‘नाव मोठं करा’ हा उपाय झाला. अडचण काय होती? मिस्टरांना लांबून नाव वाचता आलं नाही, बरोबर? हे असं सांगितलं असतं तर कदाचित त्याने नाव आहे तेवढंच ठेवून मागची नक्षी काढली असती, किंवा अक्षराला जाड वळण दिलं असतं, किंवा नावाभोवती मोकळी जागा सोडली असती. मोकळ्या जागेत छोटं अक्षर सुद्धा लांबून वाचता येतं आणि गर्दीत मोठं अक्षर पण हरवतं. माझ्या एका गिऱ्हाइकाचं होतं, मसाल्याचंच, ते म्हणत होते पाऊचची पारदर्शक खिडकी डबल करा. चार वेळा म्हणाले. मी विचारलं का हो? तर म्हणाले बाया रंग बघून मसाला घेतात. मग मी सांगितलं की उजेडाने तिखटाचा रंग उडतो, दुकानात दोन महिने पाऊच उभा राहिला तर नेमका खिडकीतलाच मसाला फिका दिसेल. शेवटी खिडकी छोटी केली, खालच्या बाजूला घेतली, आणि पुढे भाकरी-झुणक्याबरोबरचा फोटो टाकला ज्यात तर्रीचा रंग दिसतो. त्यांची अडचण पण सुटली आणि माल पण टिकला. ‘का’ विचारायला मला चार राउंड लागले ही माझी चूक, पण त्यांनी पहिल्याच फोनवर सांगितलं असतं तर आमचे दोघांचे दहा दिवस वाचले असते.

दुसरं ग्रुपबद्दल. घरच्यांना विचारू नका असं मी म्हणणार नाही, धंदा घरचा आहे. पण त्यांना ‘कसं वाटतंय’ असं विचारू नका, प्रत्येकाला काहीतरी वाटतंच. असं विचारा की हे दुकानात बघून तुम्हाला काय वाटलं आत काय आहे, तिखट असेल की सौम्य, किती रुपयाचं असेल? उत्तरं वहीत लिहा, मग तुम्ही आणि जाऊबाई बसून ठरवा आणि एकाच माणसाने एकाच मेसेजमध्ये सगळं पाठवा. दोन जणांकडून उलटसुलट सूचना आल्या की डिझायनर दोन्ही खुश करायला बघतो आणि तिथेच डिझाइन मरतं.

आता ‘लसुण’. खरं सांगू का, चूक दोघांची आहे पण जबाबदारी मजकूर देणाऱ्याची जास्त. रोमनमध्ये लिहिलेल्या मजकुरात ऱ्हस्व-दीर्घ नसतंच, समोरचा अंदाजाने टाइप करणार. मजकूर मराठीतच, युनिकोडमध्ये टाइप करून द्या, मोबाइलवर केला तरी चालतो. आणि डिझाइन सुरू व्हायच्या आधी पूर्ण द्या, ‘मागचं नंतर देते’ नको. मागच्या बाजूला केवढा मजकूर बसतो याची लोकांना कल्पना नसते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, पोषणमूल्य तक्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, ग्रॅममागे किंमत, बॅच नंबर, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) 14 आकडी नंबर आणि लोगो, हिरव्या चौकटीतलं हिरवं वर्तुळ. आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, ही सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत असावी लागते, मराठी त्याच्या जोडीला हवी तेवढी टाका, पण नुसत्या मराठीवर भागत नाही. म्हणजे जागा अजून लागणार. वजनाच्या आणि किमतीच्या आकड्यांची कमीत कमी उंची पण नियमात ठरलेली आहे. हे सगळं शेवटी आलं की पुढचं सुंदर डिझाइन मोडूनच बसवावं लागतं.

अजून एक, हे मला फार जवळचं आहे म्हणून लिहितो. तुमच्या नावातच ‘ल’ आहे. बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात, आपल्या लोकांना ते चटकन कळत नाही पण काहीतरी परकं वाटत राहतं. 2009 च्या शासन निर्णयात सुद्धा मराठी वळणाचे ल आणि श दाखवलेत. काही फॉन्टमध्ये भाषा मराठी निवडली की ते येतात, काहींचे दोन वेगळे फॉन्टच असतात, उदाहरणार्थ टिरो देवनागरी मराठी आणि टिरो देवनागरी हिंदी. डिझायनरला हे आवर्जून सांगा. आणि इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपीसाठीची सेटिंग (कंपोझर) चालू नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते, जोडाक्षरं सुटून मधे पाय मोडलेला दिसतो. म्हणून प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, वाचताना जोडाक्षरं आणि वेलांट्या बोट ठेवून वाचा. कमल शेडगेंनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली अक्षरं आठवा, नुसत्या नावाच्या वळणावरून नाटकाचा मूड कळायचा. मराठी अक्षरात एवढी ताकद आहे तर ते कसंतरी का छापायचं?

ऑफसेटवाले, सांगली

अक्षरजुळणी साहेबांनी बरंच सांगितलं, मी छपाईच्या बाजूने सांगतो, आमचा प्रेस वडिलांपासून आहे.

ताई रंगाचं दुःख रोज बघतो मी. मोबाइलचा रंग उजेडाचा असतो, छपाई शाईची असते, चार शायांत तो भडकपणा येतच नाही. साधा नेहमीचा लाल म्हणजे मॅजेंटा 100 यलो 100, त्यात निळा किंवा काळा थोडा जरी आला की विटकरी होतो, फाइल स्क्रीनच्या रंगात बनवून शेवटी आपोआप बदलली की नेमकं तेच होतं. वरून मॅट लॅमिनेशन केलं असेल तर अजून दबतो. त्यामुळे रंग मोबाइलवर पास करूच नका. डिझायनरला सांगा पहिल्यापासून छपाईच्या रंगात काम कर, आणि प्रेसला सांगा ज्या कागदावर छापणार त्याच कागदावर एक डिजिटल प्रूफ द्या. ऑफसेटशी तंतोतंत जुळत नाही पण अंदाज येतो, आणि दोन-तीनशे रुपयात काम होतं.

तुमचा मसाला तेलाचा आहे. साध्या क्रोमो (चकचकीत कागदाच्या) स्टिकरला लॅमिनेशन नसलं तर तेलकट हात लागून आठवड्यात डाग पडतो. हे डिझायनरला माहीत असेलच असं नाही, त्याने मसाला भरलेला पाऊच हातात घेतलेला नसतो. म्हणून माझं म्हणणं, काम सुरू करतानाच डिझायनर आणि प्रेसवाला यांची एकदा फोनवर गाठ घालून द्या. स्टिकरचं माप, कोपरे गोल की चौकोनी, कापायचा साचा म्हणजे डाय कुठली आहे, कटिंगला बाहेर 3 मिमी जास्तीचा रंग सोडलाय का, हे त्यांचं त्यांना बोलू दे, तुम्ही मधे निरोप्या होऊ नका. निम्म्या चुका निरोपात होतात.

बारीक मजकूर एकट्या काळ्यात ठेवा, चार रंगांचा काळा करून बारीक अक्षर छापलं की रंगांची एकमेकांवरची जुळणी (रजिस्टर) केसभर हलली तरी वाचता येत नाही. बारकोड घेणार असाल तर तो लाल रंगात अजिबात नको, मसाल्याच्या पाकिटावर लाल छान दिसेल म्हणून लोक करतात, पण बऱ्याच दुकानांतल्या स्कॅनरचा उजेडच लाल असतो, त्याला लाल रेघा दिसत नाहीत. पांढऱ्यावर काळा सगळ्यात उत्तम. मूळ माप साधारण 37 बाय 26 मिमी, 80 टक्क्यांच्या खाली न्यायचं नाही, दोन्ही बाजूंची पांढरी जागा पण खायची नाही.

आणि फॉन्ट कर्व्ह केलेली फाइल आमच्याकडे आली की अक्षर म्हणजे चित्र झालं, ऐनवेळी ऱ्हस्वचं दीर्घ करून द्या म्हणून फोन येतात, आम्ही कुठून करणार. वाचायचं ते कर्व्ह करायच्या आधी.

भट्टीवाली, नाशिक

दुसरी बाजू पण मांडते, कारण दर वेळी क्लायंटलाच शिकवलं जातं. माझी छोटी बेकरी आहे. एका डिझायनरने मला जो लोगो दिला तो तयार टेम्प्लेटमधून उचललेला निघाला, मला कळलं कधी तर दुसऱ्या गावातल्या एका केकवालीच्या खोक्यावर तीच गव्हाची लोंबी तशीच्या तशी बघितली तेव्हा. मी सगळं व्यवस्थित केलेलं, मजकूर टाइप करून दिला, ॲडव्हान्स दिला, बदल फक्त दोनदा सांगितले. तरी फसले. तेव्हापासून मी पेन्सिलची कच्ची स्केचेस बघायला मागते. तयार चित्र वापरणार असशील तर वापर, पण मला आधी सांग, आणि त्याचं लायसन कुणाच्या नावावर आहे ते पण सांग. कामाआधी हे विचारलं तर चांगल्या डिझायनरला राग येत नाही, उलट त्याला बरं वाटतं की कुणीतरी विचारतंय.

आणि ताई, काम घ्यायच्या आधी त्याने एवढं तरी विचारायला हवं होतं की गिऱ्हाईक कोण, कुठे विकणार, शेजारी कुठला माल असणार. काही न विचारता ‘दोन दिवसात तीन ऑप्शन देतो’ म्हणणारा असेल तर सावध राहायचं. तुमच्या वेळी विचारलेलं का त्याने?

सहीशिक्का, ठाणे

ओपन फाइल आणि हक्क याबद्दल लिहितो, माझं काम कागदपत्रांचंच आहे. लोकांचा समज असतो की पैसे दिले म्हणजे डिझाइन माझं. तसं नाही. कॉपीराइट कायदा 1957, कलम 17 प्रमाणे पहिला मालक ज्याने निर्माण केलं तो, नोकरीत असेल तर नोकरी देणाऱ्याचं होतं पण बाहेरून काम करून देणारा असेल तर साधारणपणे त्याचंच राहतं. पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, चित्र अशा काही गोष्टींना वेगळा नियम आहे, पण लोगो त्यात बसतो का यावर वाद घालत बसण्यापेक्षा लिहून घेतलेलं बरं. कलम 19 प्रमाणे हक्क लेखी आणि सहीनिशीच मिळतात. आणि त्यातली मेख अशी की मुदत लिहिली नाही तर 5 वर्षंच धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून एका पानावर लिहा, लोगो आणि लेबलचे सगळे हक्क, कायमस्वरूपी, जगभर, सगळ्या माध्यमांसाठी, पूर्ण पैसे मिळाल्यावर. दोघांच्या सह्या. उद्या मसाला दुबईला गेला तर अडायला नको.

ओपन फाइलला वेगळे पैसे मागणं गैर नाही, पण ते कामाच्या आधी ठरायला हवं. काम झाल्यावर मागितले की वाकडं वाटतं, आणि काम झाल्यावर फुकट मागितली तरी वाकडंच वाटतं.

आणि लोगोवर खर्च करण्याआधी नाव ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर शोधून बघा, मसाले वर्ग 30 मध्ये येतात. नाव आधीच कुणाचं असेल तर डिझायनरचे कष्ट आणि तुमचे पैसे दोन्ही वाया.

मिरचीकांडप, कोल्हापूर

सगळ्यांचे खूप आभार, रात्री जाऊबाईंना सगळं वाचून दाखवलं. भट्टीवाली ताई, तुमचा प्रश्न वाचून जुने मेसेज उघडले तर त्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, गिऱ्हाईक कोण, कुठे विकणार, आवडणारी तीन पाकिटं पाठवा. मी उत्तरच दिलं नव्हतं, ‘तुम्हीच बघा काहीतरी छान’ एवढंच लिहिलेलं. वाईट वाटलं.

सकाळी आधी त्याचे राहिलेले पैसे पाठवले, मग फोन केला. तो पण मोकळा बोलला, म्हणाला पाचव्या राउंडलाच सांगायला हवं होतं मी की हे बिघडतंय, पण क्लायंट तुटेल म्हणून गप्प बसलो. नवीन डिझाइनचे तो पैसे घेणार नाही, छपाई मी करणार. दोन राउंड, तिसरा लागला तर जादा पैसे, ओपन फाइलसकट रक्कम आत्ताच ठरवली, हक्कांचं पान पण करू म्हणाला.

आम्ही दोघींनी बसून त्याच्यासाठी हे लिहिलंय, बघून सांगा काही राहिलं का.

मसाला घेणारी बाई साधारण 30 ते 50 ची, नोकरी करणारी, सासरी-माहेरी असा मसाला खाल्लेली पण आता कांडपाला वेळ नसलेली. पुण्यात विकायचाय जास्त. मिरची बेडगी आणि संकेश्वरी, कांदा-लसूण घरी परतून, कांडप डंकावर. तिला पाकीट बघून वाटलं पाहिजे की हे घरचं आहे पण स्वच्छ आणि खात्रीचं आहे. दुकानात तिसऱ्या फळीवर राहणार, म्हणजे चार फुटांवरून नाव कळलं पाहिजे. नऊवारीतली बाई आणि पाटा-वरवंटा नको, ते आजूबाजूच्या सगळ्याच पाकिटांवर आहे. पहिलं जे डिझाइन त्याने पाठवलं होतं, ज्यात नुसती मोठी अक्षरं आणि एक मिरची होती, ते आम्हाला आता परत बघितल्यावर खरंच आवडतंय, तिथून पुढे जावं. निर्णय आम्ही दोघी घेणार, मेसेज फक्त माझ्याकडून येतील.

अक्षरजुळणी, पुणे

ताई असं लिहून देणारं गिऱ्हाईक वर्षात एखादंच भेटतं, खरंच. ‘चार फुटांवरून’ आणि ‘हे नको कारण सगळीकडे आहे’ या दोन वाक्यांवर तो मुलगा अर्धं काम करून टाकेल.

फक्त दोन गोष्टी वाढवा. पुढे अजून काय काय येणार ते सांगा, म्हणजे शेंगदाणा चटणी, जवस चटणी वगैरे काढणार असाल तर आत्ताच त्याला कळू दे, तो सगळ्यांना पुरेल अशी मांडणी करेल, नाहीतर पुढच्या वेळी परत पहिल्यापासून. आणि तारखा लिहा, दुकानात माल कधी ठेवायचाय तिथून मागे मोजत छपाईचे दिवस, तुमच्या उत्तरांचे दिवस. तुम्ही उत्तर द्यायला चार दिवस लावले तर त्याचे पण चार दिवस पुढे जातात, हे पण लिहून ठेवा.

आणि डिझाइन आलं की मोबाइलवर बघू नका. खऱ्या मापात कागदावर प्रिंट काढून कापा, भरलेल्या पाऊचला चिकटवा आणि दुकानदाराला विनंती करून फळीवर ठेवून बघा, बाकीच्या पाकिटांमध्ये.

ऑफसेटवाले, सांगली

पाऊच भरून चिकटवा बरं का, रिकाम्यावर नको. भरल्यावर पोट फुगतं आणि लेबलच्या कडा वळतात, कडेचं अक्षर दिसत नाही. आणि आधीच्या त्या 3000 लेबलांवर दुरुस्तीच्या पट्ट्या चिकटवून दुकानात देऊ नका, सक्तीची माहिती अशी स्टिकर लावून बदलायला वजनमाप नियमात परवानगी नाही, किंमत कमी करायची असेल तेवढीच सूट आहे.

मिरचीकांडप, कोल्हापूर

चटण्यांचं लिहिलं, तारखा पण टाकल्या. ती लेबलं रद्दच करतोय. कोपऱ्यावरचे दुकानदार काका फळीवर ठेवायला हो म्हणालेत. डिझायनर शनिवारी घरी येतोय, त्याला मसाला कसा करतो ते बघायचंय म्हणाला, त्या दिवशी कांदा परतायला घेऊ.